एकच दळण, दोन डबे

१९५१ मध्ये अमेरिकेचे दोन किनारे टीव्हीच्या जाळ्याने जोडले गेले आणि एक नवीच अडचण उभी राहिली. न्यूयॉर्कमध्ये रात्री आठचा कार्यक्रम सुरू होई तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये संध्याकाळचे पाचच वाजलेले असत. तिथल्या प्रेक्षकालाही तो आठलाच दाखवायचा, तर मधले तीन तास तो साठवायचा कशात? व्हिडिओ टेप अजून जन्मायची होती. मग पश्चिमेकडच्या केंद्रात टीव्हीच्या पडद्यासमोर चक्क फिल्मचा कॅमेरा लावायचे. फिल्म घाईघाईने धुऊन, वाळवून, गरम असतानाच प्रोजेक्टरवर चढवायची. म्हणून तिचं नावच पडलं ‘हॉट किनी’.

एप्रिल १९५६ मध्ये अँपेक्स कंपनीने शिकागोत दोन इंच रुंद टेपवर चित्र साठवणारं यंत्र दाखवलं. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सीबीएसने आपलं बातमीपत्र पश्चिम किनाऱ्यासाठी टेपवरून लावलं आणि ही धावपळ संपायला लागली. मात्र एक गोष्ट दोन्ही काळांत सारखी होती. प्रक्षेपण करणारं यंत्र वेगळं, नोंद ठेवणारं वेगळं. तारेला फाटा फोडला की काम झालं. एकाच्या श्रमाचा भार दुसऱ्यावर पडत नसे.

संगणकाने दोघांना एका छपराखाली आणलं, आणि भांडण तिथे सुरू झालं.

भांडणाचं मूळ साध्या गुणाकारात आहे. १९२० बाय १०८० ठिपक्यांची एक फ्रेम म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके. सेकंदाला अशा ६० फ्रेम. रंगाची माहिती नेहमीच्या पद्धतीने आधीच कमी केली, तरी सेकंदाला सुमारे १५० कोटी बिट होतात. ट्विचसारखी थेट प्रक्षेपणाची सेवा मात्र वर्षानुवर्षं साधारण ६० लाख बिटच पाठवा असं सांगत आली. म्हणजे चित्र सुमारे अडीचशे पट दाबायचं, आणि प्रत्येक फ्रेमसाठी हाताशी वेळ किती? सेकंदाचा साठावा भाग.

ही दाबणी शक्य झाली त्यामागचं गणित बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांचं. १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले, ते मिळाले नाहीत. तरी नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी १९७४ मध्ये निबंध छापला. २००३ मध्ये आलेल्या एच.२६४ या व्हिडिओ दाबणीच्या मानकामागेही त्याच गणिताचा वारसा आहे. पण खरा घाम निघतो तो शोधाशोधीत. फ्रेमचे आठ हजारांवर चौकोन पाडायचे आणि यातला प्रत्येक तुकडा आधीच्या फ्रेममध्ये कुठे होता ते हुडकायचं. जितकं चिवटपणे हुडकाल तितकी फाइल लहान, चित्र नितळ आणि प्रोसेसर बेजार.

एक्स२६४ या मुक्त एन्कोडरने, म्हणजे दाबणी करणाऱ्या सॉफ्टवेअरने, हा चिवटपणा दहा पायऱ्यांत बांधला. ‘अल्ट्राफास्ट’पासून सुरुवात आणि सर्वांत वर ‘प्लॅसिबो’. त्या पायरीचा फायदा बराचसा मानण्यावर आहे, हे करणाऱ्यांनी नावातच कबूल केलं. थेट प्रक्षेपण करणाऱ्यांची वस्ती बहुधा ‘व्हेरीफास्ट’वर.

ही वस्ती वसण्याआधी गेम खेळताना नुसतं रेकॉर्डिंग करायचं तर फ्रॅप्स हे सॉफ्टवेअर होतं. त्याची युक्ती उलटी होती. दाबायचंच कमी, म्हणजे प्रोसेसर सुटला आणि हार्ड डिस्क सापडली. चार जीबीजवळ पोचली की फाइल तुटे आणि पुढची सुरू होई. पुढे २०११ मध्ये ट्विच आलं, २०१२ मध्ये प्रसारण आणि रेकॉर्डिंग दोन्ही करणारं ओबीएस हे फुकट सॉफ्टवेअर. आता प्रसारणाबरोबर यूट्यूबवर चढवायला उंची प्रतीचं रेकॉर्डिंगही हवं होतं. गेम, प्रसारण, रेकॉर्डिंग: तिघांना एकच प्रोसेसर, तोही बहुधा चार कोअरचा. एन्कोडिंगचा भार जास्त झाल्याची सूचना पडद्याखाली झळके आणि फ्रेम गळायला लागत. बिचारे लोक शिव्या इंटरनेटला घालत. वास्तविक ओबीएस दोन्ही हिशेब वेगळे दाखवतं: नेटवर्कने पडलेल्या फ्रेम वेगळ्या, एन्कोडिंग मागे पडल्याने गाळलेल्या वेगळ्या.

ज्यांच्या खिशाला परवडलं त्यांनी अँपेक्सच्या काळाचाच मार्ग धरला. एका संगणकावर गेम, कॅप्चर कार्डातून चित्र दुसऱ्याकडे, आणि दाबणी तिथे. मार्च २०१७ मध्ये एएमडीने आठ कोअरचा रायझन बाजारात आणला, तेव्हा गेम आणि प्रक्षेपण एकाच यंत्रात चालेल हे त्याचं मोठं आकर्षण ठरलं.

दरम्यान काम प्रोसेसरच्या हातून काढून घेणारी मंडळी आली होती. जानेवारी २०११ मध्ये इंटेलने क्विक सिंक आणलं. २०१२ मध्ये एनव्हिडियाच्या कार्डावर एनव्हेंक आलं. हे चिपचे राखीव कोपरे. व्हिडिओचं काम सोडून दुसरं काही करत नाहीत. सुरुवातीला त्यांचं चित्र सुमारच होतं. गवत, धूर, पाऊस आला की चौकोन उघडे पडत. एनव्हिडियाच्या २०१८ च्या ट्युरिंग पिढीत ते सुधारलं, आणि फेब्रुवारी २०१९ च्या ओबीएस २३ ने फ्रेम ग्राफिक्स कार्डातच ठेवून त्यांची मुख्य मेमरीतली ये-जा थांबवली. गंमत म्हणजे घरगुती कार्डांवर एनव्हिडियाने एका वेळी दोनच एन्कोडिंगची मर्यादा घातली होती, तीही ड्रायव्हरमधून. एक प्रसारणाला, एक रेकॉर्डिंगला. पुढे ती तीन, पाच, आठ अशी सैल होत गेली.

या सगळ्यात सर्वांत स्वस्त उपाय यंत्रात नाही, एका निवडीत आहे. ओबीएसमध्ये रेकॉर्डिंगसाठी ‘प्रसारणाचाच एन्कोडर’ निवडला की दुसरी दाबणी होतच नाही. एकदाच दळायचं आणि पीठ दोन डब्यांत भरायचं. तोटा उघड आहे: नेटला झेपेल तेवढीच प्रत कायमची पदरात पडते. म्हणून संपादन करून विकायचं काम असणारे दोनदा दळतातच.

गावातल्या सप्ताहाचं कीर्तन यूट्यूबवर लाइव्ह सोडणाऱ्या पोराला मात्र ही एक दळणी पुरते. मे महिन्यात मांडवाच्या पत्र्याखाली लॅपटॉप आधीच तापलेला असतो. त्याची चिंता वेगळी, विजेची. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. मध्येच लॅपटॉप बंद पडला तर दोन तासांचं कीर्तन उघडतच नाही. जाणते एमकेव्ही निवडतात, कारण ती तुटली तरी तुटेपर्यंतचं चित्र हाती राहतं. ओबीएसने २०२४ मध्ये असा फटका सोसणारी ‘हायब्रिड एमपी४’ही दिली. तरी रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी पोराची नजर एकदा जनरेटरकडे जातेच.