स्वमग्न बालके आणि पालक : आरोपीपासून सहउपचारकापर्यंत

स्वमग्नता अर्थात ऑटिझम या अवस्थेचे पहिले सविस्तर वर्णन लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत ११ बालकांच्या निरीक्षणावरून केले. ही अवस्था जन्मजात असावी, असे त्यांनी नोंदविले. तथापि त्याच निबंधात पालकांच्या भावनिक अलिप्ततेकडेही त्यांनी अंगुलिनिर्देश केला. पुढील दोन दशकांत या दुसऱ्या निरीक्षणासच सिद्धान्ताचे रूप आले. मातेच्या थंडपणामुळे मूल मिटून जाते, असे मानले जाऊ लागले. शिकागो येथील ब्रूनो बेटेलहाइम यांनी 'द एम्प्टी फोर्ट्रेस' (१९६७) या ग्रंथातून या मतास लोकप्रियता मिळवून दिली. मुलास घरापासून दूर ठेवणे, हाच मग उपचार ठरला.

या मतास सप्रमाण छेद दिला तो एका पालकानेच. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे पिताही. त्यांच्या १९६४ च्या ग्रंथाने जैविक कारणांची बाजू मांडली, आणि १९६५ मध्ये पालकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. याच संघटनेच्या १९६९ च्या अधिवेशनात कॅनर यांनी पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केले.

दोषमुक्ती मिळाली, परंतु पालकांनी करावयाचे काय? शिकागो विद्यापीठातच शिकलेल्या एरिक शॉप्लर यांनी नॉर्थ कॅरोलिनात यास उत्तर दिले. एकतर्फी आरशाआडून पालक उपचारकाचे काम पाहत. नंतर भूमिका बदलून उपचारक पालकांचे काम पाहत असे. तोच पाठ घरी चाले. १९७१ मध्ये शॉप्लर व रॉबर्ट रायक्लर यांनी पालकांना 'सहउपचारक' म्हटले, आणि १९७२ मध्ये हा उपक्रम राज्यव्यापी झाला. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील इव्हार लोवास व सहकाऱ्यांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. (लोवास यांच्या आरंभीच्या प्रयोगांत विजेचे धक्केही होते, हे विसरता येत नाही.) उपचारानंतर संस्थेत परतलेल्या मुलांची प्रगती ओसरली होती, प्रशिक्षित पालकांकडे गेलेल्यांची टिकली होती. ज्या घरापासून मुलास तोडावे असे सांगितले जात होते, तेच घर उपचाराचा आधार ठरले.

तज्ज्ञांची वानवा असलेल्या प्रदेशांत या विचारास वेगळेच महत्त्व आले. ब्रिटनमध्ये विकसित झालेली, पालक-बालक खेळाचे चित्रीकरण पालकांनाच दाखवून संवाद सुधारणारी पद्धत गोवा व रावळपिंडी येथे अनुकूलित करण्यात आली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ६५ बालके होती. सत्रे तज्ज्ञांनी नव्हे, तर प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घेतली. मुलाने आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. मात्र एकत्रित अवधानाचा काळ घटला. म्हणजे निष्कर्ष संमिश्रच होते.

येथे एक प्रश्न उरतो. 'पालक' हा शब्द लिंगनिरपेक्ष असला तरी घरचा पाठ बहुधा मातेच्याच वाट्यास येतो. एकेकाळी आजाराचे कारण ठरविली गेलेली तीच स्त्री आता उपचाराचे साधन झाली आहे. आणि मुलाची प्रगती खुंटली, तर 'घरी सराव कमी पडला' हा शेरा तिच्याच नावे लिहिला जातो.