हलत्या चित्रांचा अल्पायुषी विनोद

ज्या गोष्टीचें आयुष्य थोडें तिचा इतिहासहि थोडा, आणि थोड्या इतिहासाकडे विद्वानांची दृष्टि सहसा वळत नाहीं. राजघराण्यांच्या बखरी झाल्या, मठांच्या परंपरा लिहिल्या गेल्या, नाटकमंडळ्यांचे उदयास्तहि नोंदले गेले. परंतु मुलांना पोट धरून हंसविण्यासाठीं कोणी काय खटपटी केल्या याची मोजदाद ठेवावी, असें आमच्याकडे फारसें कोणाला वाटलें नाहीं. हातानें रेखाटलेल्या चित्रांना पडद्यावर चालतें-बोलतें करावयाचें आणि त्यांच्या लहान लहान गंमती मुलांपुढें मांडावयाच्या, हा उद्योग महाराष्ट्रांत एकदां नव्हे, अनेकदां सुरू झाला आणि प्रत्येक वेळीं एक-दोन पावलांतच थांबला. याचें कारण विचारलें तर दोन उत्तरें हमखास मिळतात: मराठी माणसाला विनोदाचें अंग नाहीं, किंवा आमच्या चित्रकारांना ती कला साधली नाहीं. पहिलें उत्तर देणाऱ्यानें गडकरी व चिं. वि. जोशी वाचलेले नसावेत; त्याच्याशीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं. दुसरें उत्तर मात्र तपासून पाहण्यासारखें आहे, आणि तें तपासावयास सातारा-सांगलीकडला मुलूख विशेष सोईचा आहे. विनोद, चित्र आणि हलती आकृति या तिन्ही गोष्टी त्या मुलुखांत जवळजवळ नांदल्या. एका छपराखालीं मात्र त्या कधीं आल्या नाहींत.

सांगलीचे अधिपति चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाखालीं विष्णु अमृत भावे यांनीं १८४३ सालीं ‘सीतास्वयंवर’ उभें केलें, ही गोष्ट शाळकरी मुलालाहि ठाऊक असते. त्या नाटकांतील देवादिकांची स्तुति पुष्कळ झाली आहे. आम्हांस येथें आठवण करावयाची आहे ती दोन कमी मानाच्या पात्रांची. एक, वनचराच्या वेषांत येऊन सूत्रधाराची भंबेरी उडविणारा विदूषक. आणि दुसरा, ‘अललल डुर्र’ अशी आरोळी ठोकून रंगभूमि दणाणून सोडणारा राक्षस. या आरोळीवरूनच पुढें त्या नाटकांना ‘अललडुर्र नाटकें’ असें थट्टेचें नांव पडलें. थट्टा करणारे सुशिक्षित आणि वयानें मोठे होते. रंगविलेलें तोंड, अचाट हालचाल आणि अर्थावांचून उमटणारा मोठा आवाज, एवढ्या तीन वस्तूंवर सगळ्या जगांतलीं मुलें हंसतात. आणि पुढें अमेरिकेंतील कार्टूनवाल्यांनीं याच तीन वस्तूंवर आपलें दुकान थाटलें.

भाव्यांची दुसरी करामत आमच्या विषयाला याहून जवळची आहे. ते हाताचे कुशल कारागीर होते, आणि त्यांनीं दोऱ्यांनीं नाचविण्याच्या लांकडी बाहुल्या घडविल्या. निर्जीव आकृतीला एकेका अवयवाच्या हिशेबानें हलवावयाचें आणि पाहणाऱ्याला ती आपणहून हलते असा भास करून द्यावयाचा, ही जी चलच्चित्राची गुरुकिल्ली, ती सांगलीच्या या माणसाच्या हातीं चित्रपटाच्या जन्मापूर्वीं निदान अर्धे शतक आली होती. १८५१ सालीं आप्पासाहेब वारले. राजाश्रय आटला, भावे आपली नाटकमंडळी घेऊन गांवोगांव फिरूं लागले, आणि बाहुल्या मागें पडल्या. पुढें शतकाहून अधिक काळ लोटल्यावर रामदास पाध्ये यांनीं त्यांची डागडुजी करून त्यांना पुन्हां रंगमंचावर आणलें. दोरी ओढणारे हात गेले कीं लांकूड नुसतें लांकूड राहतें, हें या बाहुल्यांच्या हकीकतीवरून दिसतें. आणि तिचीच पुनरावृत्ति पुढें चित्रांच्या बाबतींत झाली.

मध्यंतरीं कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनीं १८९२ सालीं ‘शांभरिक खरोलिका’ हा कंदिलाचा खेळ सुरू केला. कांचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या झोतानें पडद्यावर पाडावयाचीं आणि एकामागून एक झपाट्यानें सरकवून त्यांत हालचालीचा आभास आणावयाचा, अशी त्याची रीति होती. सर्कशीचाहि खेळ त्यांत दाखवीत असत. हा सगळा उद्योग एका कुटुंबाच्या अंगमेहनतीवर चालला, आणि फिरत्या चित्रपटानें त्याचें गिऱ्हाईक पळविलें तेव्हां तो मावळला.

यानंतरचें नांव अर्थात् दादासाहेब फाळक्यांचें. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ च्या मे महिन्यांत मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लागला, हें सर्वश्रुत आहे. परंतु फाळक्यांनीं त्याच्या आधीं एक वाटाणा रंगभूमीवर आणला होता, हें तितकें सर्वश्रुत नाहीं. १९१२ सालीं विलायतेहून यंत्र घेऊन परत आल्यावर त्यांनीं कुंडींत वाटाण्याचें बी पेरलें, यंत्र त्याच्यापुढें रोवलें, आणि ठराविक अंतरानें फितीवर एकेक चित्र घेत राहिले. ती फीत सरळ चालविली तेव्हां कोंब मातींतून डोकें काढून पाहतां पाहतां वेल झाला. सावकाराला पैसे देण्यास राजी करण्यासाठीं ही युक्ति होती. पण चलच्चित्राचें सारें तंत्र तिच्यांत सांठविलेलें आहे. यंत्र थांबवावें, वस्तु किंचित् बदलावी, एक चित्र घ्यावें, पुन्हां थांबावें. वाटाणा स्वतः बदलत होता म्हणून फाळक्यांचें काम सोपें झालें. १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’ या चित्रांत आगकाडी कांहीं स्वतः वाढत नव्हती; प्रत्येक चित्रामागें ती बोटांनीं हलवावी लागली. फ्रान्समधील एमील कोल यानें १९०८ सालीं आगकाड्यांचाच असा एक खेळ केला होता. तेव्हां कल्पना सर्वस्वी नवी नव्हती, परंतु नाशिकांत बसून ती अमलांत आणण्याचें धाडस नवें होतें. फाळके जादूचे प्रयोगहि करीत, आणि त्यासाठीं आपलें आडनांव उलटें करून ‘प्रोफेसर केळफा’ असें म्हणवून घेत. असा माणूस काडेपेटीकडे नुसती काडेपेटी म्हणून पाहील हें संभवत नव्हतें. ‘पिठाचे पंजे’ यासारखीं छोटीं विनोदी चित्रें त्यांनीं १९१४ पासून काढलीं, आणि मोठ्या पौराणिक चित्राच्या ताटांत तीं कोशिंबिरीसारखीं वाढलीं. कोशिंबिरीचें निराळें बिल कोणी देत नाहीं, ही अडचण तेव्हांपासूनची आहे.

येथें थोडें गणित सांगणें भाग आहे. बोलपट आल्यावर फितीची गति सेकंदास २४ चित्रें अशी ठरली. सात मिनिटांच्या गंमतीला १०,०८० चित्रें लागतात. एकेक रेखाटन दोनदां वापरण्याची काटकसर केली तरी ५,०४० उरतात. आणि पडद्यावर एकाच्या जागीं दोन प्राणी आले कीं काम पुन्हां वाढतें. वीस चित्रकार, त्यांच्या हाताखालीं शाई फिरविणारे आणि रंग भरणारे, आणि या सर्वांना गंमत तयार होईपर्यंत, म्हणजे एक पैहि मिळण्यापूर्वीं, महिन्याचा पगार देणारा धनी, एवढें जेथें असेल तेथेंच हा विनोद जगतो. वॉल्ट डिस्नेच्या ‘सिली सिंफनीज’ या मालिकेचें उदाहरण घ्या. १९२९ पासून १९३९ पर्यंत तिच्यांत ७५ लघुपट निघाले. ठराविक नायक नाहीं, प्रत्येक वेळीं नवें गाणें, नवे प्राणी, नवी मौज. १९३३ सालचीं तीन डुकराचीं पिलें त्याच मालिकेंतलीं. अशा बिननायकी मालिकेला प्रेक्षकांपुढें आणतांना ‘मिकी माउस सादर करतो’ असे शब्द नांवापूर्वीं घालावे लागले, म्हणजे ज्याची पत बाजारांत होती त्या उंदराची हमी डुकरांना घ्यावी लागली. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशांत जर ही स्थिति, तर आमच्याकडल्या एकट्यादुकट्या प्रयत्नांना नांवें ठेवण्यापूर्वीं जरा थांबावें.

आतां १९३४ सालाकडे येऊं. १९२९ मध्यें कोल्हापुरास स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी आदल्याच वर्षीं पुण्यास आली होती. याच १९३४ सालीं कलकत्त्यास गुणमय बॅनर्जी यांचा ‘पी ब्रदर्स’ हा कार्टूनपट निघाला, आणि प्रभातनें ‘जंबुकाका’ काढला. जंबूक म्हणजे कोल्हा. पंचतंत्रापासून ओळखीचा असलेला हा लबाड प्राणी मराठी पडद्यावर आला तो काका होऊन. ज्याच्यापासून सावध राहावयाचें त्यालाहि एखादें नातें चिकटवून ठेवावें, ही खास आमच्या घरांतली सोय आहे. कोल्हापूर सिनेटोननेंहि त्या सुमारास ‘बकंभट्ट’ नांवाचा कार्टूनपट काढला. नांवें पाहा: काका आणि भट्ट. अमेरिकन उंदराची नक्कल करावी असें यांतल्या कोणालाहि वाटलेलें दिसत नाहीं. आपल्या ओसरीवरचींच माणसें आणि आपल्याच गोष्टींतले प्राणी त्यांनीं उचलले. मालिकेचा पाया घालावयास याहून चांगली सुरुवात कोणती? पण जंबुकाकाला भाऊबंद झाले नाहींत.

आणि नेमक्या याच १९३४ सालीं किर्लोस्करवाडीहून ‘मनोहर’ मासिक सुरू झालें. आजच्या सांगली जिल्ह्यांत असलेली ही वाडी तेव्हां औंध संस्थानांत होती, आणि संस्थानची राजधानी आजच्या सातारा जिल्ह्यांतली. खुद्द सांगली जिल्ह्याचें नांवहि १९६० पर्यंत दक्षिण सातारा असें होतें, त्यामुळें या दोन नांवांत फार भिंती घालूं नयेत. औंधाचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे स्वतः चित्रकार. त्यांचें ‘चित्ररामायण’ १९१६ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांच्या आश्रयानें ओसाड माळावर १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं नांगरांचा कारखाना वसविला, आणि त्याच माळावरून १९२० पासून ‘किर्लोस्कर’ व १९३० पासून ‘स्त्री’ हीं मासिकें निघूं लागलीं. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः व्यंगचित्रकार होते. मासिकाच्या पानावर व्यंगचित्र हें केवळ जागा भरण्याचें साधन नसून तो एक स्वतंत्र मजकूर आहे, ही जाणीव मराठी घरांत रुजविण्याचें पुष्कळसें श्रेय या वाडीकडे जातें. म्हणजे रेषेनें हंसविणारा हात कृष्णाकांठीं होता, रेषेला हलविण्याचें यंत्र मुळामुठेकांठीं होतें, आणि दोहोंच्या मध्यें रेल्वेचा एका दिवसाचाहि प्रवास नव्हता. आमच्या चित्रकारांना ही कला साधली नाहीं, असें म्हणणाऱ्यांनीं एवढी भूगोलाची गोष्ट ध्यानांत घ्यावी. व्यंगचित्र काढणाऱ्याला महिन्याला कांहीं चित्रें दिलीं कीं भागत होतें. त्याला पांच हजार चित्रें काढावयास बसविणारा, आणि तोंवर पोसणारा, कोणी नव्हता. प्रभातला तें अशक्य नव्हतें. परंतु चित्रपटगृहाचा मालक पैसे मोजी तो ‘अमृतमंथना’साठीं, सोबत कोल्हा आला काय आणि न आला काय, तिकिटाचा दर तोच. हिशेबाच्या वहींत जंबुकाकाचें खातें एकाच बाजूनें भरणारें होतें. पुढें गो. के. गोखले यांचा ‘सुपरमॅन्स मिथ’ १९३९ सालीं आला, आणि त्याच वर्षीं युद्ध सुरू झालें. युद्धकाळांत कच्च्या फितीवरच नियंत्रण आलें, तेव्हां कोशिंबीर करावयास जिन्नसहि उरला नाहीं. १९५३ मध्यें प्रभात कंपनीच बंद झाली.

पगार देणारा धनी अखेर मिळाला, तो सरकारच्या रूपानें. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्यें १९५६ सालीं चलच्चित्रांचा विभाग निघाला, डिस्नेच्या कारखान्यांत काम केलेले क्लेअर वीक्स शिकवावयास आले, आणि १९५७ सालीं ‘बनियन डिअर’ ही जातककथा तयार झाली. गोखले यांना तेथेंच आसरा मिळाला, आणि राम मोहन यांच्यासारखी नवी पिढी तेथेंच घडली. या विभागाचे उपकार मोठे आहेत, आणि ते नाकारण्याचा आमचा हेतु नाहीं. सरकारी फिती चित्रपटगृहांना सक्तीनें दाखवाव्या लागत, म्हणून पुसेगांवच्या सेवागिरी महाराजांच्या किंवा पालीच्या खंडोबाच्या यात्रेंत तंबूचे सिनेमे लागत, तेथवरहि हलतें चित्र पोंचण्याची वाट मोकळी झाली. पण पगार देणाऱ्यानें कामाचें स्वरूपहि ठरविलें. चित्र हलूं लागलें तें बहुधा बचत करा, कुटुंब लहान ठेवा, एकीनें राहा असें सांगण्यासाठीं. १९७४ चें ‘एक अनेक और एकता’ हें त्यांतलें सर्वांत गोड फळ. मुलांनीं तें प्रेमानें पाहिलें आणि पाठहि केलें. तरी शेवटीं तो धडाच. वनचर विदूषक सूत्रधाराची फजिती करी ती कोणाला कांहीं शिकविण्यासाठीं नव्हे, आणि आगकाड्या नाचल्या त्याहि कांहीं तात्पर्य सांगण्यासाठीं नाचल्या नव्हत्या. हा निर्हेतुक विनोद सरकारी अंदाजपत्रकांत कोणत्या सदराखालीं घालावयाचा, हा प्रश्न सोडविणारा कारकून अद्याप जन्मास यावयाचा आहे.

दूरदर्शनानंतर खाजगी वाहिन्या आल्या, आणि सातारा-सांगलीच्या घराघरांतून मुलें दिवसभर कार्टून पाहूं लागलीं. मात्र त्यांतल्या उंदीर-मांजरांची बोली मराठी क्वचितच असे. २०१८ सालीं ‘प्रभो शिवाजी राजा’ हा संपूर्ण मराठी चलच्चित्रपट निघाला, आणि पगारी दालन उभें राहिलें तर मराठींत काय होऊं शकतें हें त्यानें दाखविलें. पण त्याचा रस वीर होता, हास्य नव्हे. हास्याच्या बाबतींत रेषेचा सर्वांत लाडका मुलगा म्हणजे ‘चिंटू’. १९९१ पासून ‘सकाळ’ मध्यें चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनीं त्याला रोज तीन-चार चौकटींत जगविला, आणि सकाळीं वर्तमानपत्र आल्यावर घरांत पहिला हक्क कोणाचा याचे तंटे त्याच्यामुळें झाले. नायक तयार, सोबती तयार, वर्षानुवर्षांच्या गंमती तयार. एकामागून एक लघुपट काढावयास याहून अधिक सामग्री डिस्नेजवळहि नव्हती. २०१२ सालीं श्रीरंग गोडबोले यांच्या दिग्दर्शनाखालीं चिंटू मोठ्या पडद्यावर आला, तो रेषेचा नव्हे, हाडामांसाचा मुलगा होऊन. पुढल्याच वर्षीं दुसरा चित्रपट निघाला. त्यांतहि तो तसाच आला.