ग्यूदोन

ग्यूदोन : जपानमधील स्वस्त, झटपट मिळणारे भोजन. खोलगट वाडग्यात वाफाळता भात आणि त्यावर सोया सॉस व साखरेच्या रश्श्यात कांद्याबरोबर शिजवलेले गोमांसाचे पातळ काप. वर लाल रंगाचे आल्याचे लोणचे. हवे तर कच्चे अंडे. रस्सा भातात मुरतो, तीच याची खरी चव.

ग्यूदोन विकणारे ‘योशिनोया’ हे दुकान १८९९ मध्ये टोकिओच्या निहोनबाशी मासळीबाजारात सुरू झाले. बाजारातल्या घाईच्या माणसांना चटकन पोटभर जेवण हवे होते. पुढे ‘मात्सुया’, ‘सुकिया’ या साखळ्याही फोफावल्या.



अमेरिकी गोमांसाच्या आयातबंदीमुळे फेब्रुवारी २००४ मध्ये योशिनोयाने ग्यूदोन थांबवले, तेव्हा शेवटच्या वाडग्यासाठी रांगा लागल्या. सप्टेंबर २००६ मध्ये ते परत आले.