समुद्रातली तार आणि ओहमचा खरेपणा

१७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले, ते ईस्ट इंडिया कंपनीसाठी जहाजं बांधायला. पुढे शतकभराहून अधिक काळ हे घराणं मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजं बांधत राहिलं. त्यांतलंच एक १८५४ चं ‘पंजाब’. या लढाऊ आगबोटीची इंजिनं नंतर काढली गेली, ‘ट्वीड’ या नव्या नावाने ती शिडांवर चालू लागली आणि इराणच्या आखातात टाकायची टेलिग्राफची तार पोटात घेऊन मुंबईला परतली. ही तार १८६४ मध्ये टाकली गेली.

त्याआधीचा अनुभव कडू होता. तांबड्या समुद्रातून कराचीपर्यंत १८५९-६० मध्ये टाकलेली तार लवकरच मुकी झाली आणि सुमारे आठ लाख पौंड पाण्यात गेले. त्यामुळे आखाताच्या तारेची चाचणी चार्ल्स ब्राइट आणि लॅटिमर क्लार्क यांनी फार कसून घेतली. तांब्यावरचा गटापर्चाचा रोधक थर गरम झाला की त्याची विद्युतरोधकता झपाट्याने घटते, म्हणून मोजणी ७५ अंश फॅरनहाइटला धरायची.

पण तार मोजणारं उपकरण बरोबर आहे, हे कुणी ठरवायचं?

तेव्हा रोधाचं सर्वमान्य एककच नव्हतं. कुणी मैलभर तांब्याची तार प्रमाण मानी, कुणी किलोमीटरभर लोखंडी तार. तांब्यात थोडी भेसळ असली तरी रोध बदले, हे विल्यम थॉमसन यांनी दाखवून दिलं होतं. १८६१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने यासाठी समिती नेमली आणि १८६५ मध्ये ओहम या एककाची प्रमाण वेटोळी तयार झाली. उपकरणं ताडून पाहायला अखेर एक आधार मिळाला.

तो आधारही किंचित चुकलेला निघाला. १८८० च्या दशकात लॉर्ड रॅले यांनी केंब्रिजमध्ये फेरमोजणी केली, तेव्हा हा ओहम एक टक्क्याहून थोडा अधिक लहान भरला. १८९३ च्या शिकागो परिषदेत तो पाऱ्याच्या १०६.३ सेंटिमीटर स्तंभावर नव्याने बांधला गेला. तोवर १८६५ च्या वेटोळ्यांशी जुळवलेल्या मीटरने केबल कितीही काळजीने मोजली, तरी तेवढी चूक आकड्यात उतरतच होती.

आज सुरतेतल्या यंत्रमागाच्या कारखान्यासाठी केबलची विद्युतरोधकता तपासणाऱ्या मेगर या उपकरणाचीही अशीच परीक्षा होते. त्याला ज्ञात किमतीचे प्रमाणित रोधक जोडायचे, आकडा जुळतो का पाहायचं, चाचणीचा ५०० किंवा १००० व्होल्टचा दाब खरोखर तेवढाच निघतो का तेही मोजायचं. वाहकाचा अगदी कमी रोध मोजणाऱ्या उपकरणात चार टोकांची जोडणी असते. नाहीतर जोडतारांचाच रोध मोजमापात मिसळतो. प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावर उपकरण किती चुकतं, हे लिहिलेलं असतं. त्या प्रयोगशाळेची प्रमाणं पायरीपायरीने दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत पोचतात. ओहमचा पाया आता पाऱ्यात नाही. तो क्वांटम हॉल परिणामातून मिळणाऱ्या सुमारे २५,८१२.८०७ ओहम या स्थिरांकावर उभा आहे.