हमी कोणाला? रेल्वेचे भांडवल आणि घाटातला मजूर

राजापूरच्या खाडीच्या मुखाशी नाटे हे गाव आहे. तिथल्या यशवंतगडाच्या तटावर उभे राहिले की समुद्र दिसतो, होड्या दिसतात. रेल्वे दिसत नाही. कोकण रेल्वेचा रूळ इथून बराच आत, डोंगरांतून गेला आहे, आणि तोही १९९० च्या दशकात. त्याआधी पिढ्यान् पिढ्या इथला माणूस मुंबईच्या गिरणीत गेला तो आगबोटीने. तरीही या देशातल्या पहिल्या रेल्वेचा भार उचलणाऱ्यांत नाटे गावही होते, असे मी म्हणतो. हे विधान चमत्कारिक वाटेल. पण ते हिशेबाने सिद्ध होते, आणि तो हिशेब आपल्याला शाळेत कुणी शिकवला नाही.

शाळेत शिकवतात ती तारीख १६ एप्रिल १८५३. बोरीबंदर ते ठाणे, २१ मैल, तोफांची सलामी. पण रेल्वेचा खरा जन्म झाला तो १७ ऑगस्ट १८४९ रोजी, लंडनमध्ये, एका कागदावर. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातला हा करार. त्याची कलमे अशी : जमीन सरकारने ९९ वर्षांसाठी फुकट द्यायची. कंपनीने भांडवल जमवायचे; रेल्वे चालो वा न चालो, त्या भांडवलावर सरकारने दरसाल ५ टक्के व्याज द्यायचे. नफा ५ टक्क्यांवर गेलाच, तर वरच्या रकमेतला निम्मा भाग सरकारने आधी दिलेल्या व्याजाच्या फेडीला आणि निम्मा भागधारकांना. आणि धंदा नकोसा झाला, तर नोटीस देऊन मार्ग सरकारच्या गळ्यात घालायचा आणि घातलेले भांडवल परत घ्यायचे. नफा खाजगी आणि धोका सार्वजनिक, असा हा व्यवहार.

हे व्याज सरकार कुठून देत होते? सरकारच्या पोटाला टाके घालून नव्हे. कंपनी सरकारचा महसूल मुख्यतः जमीनसारा, अफू आणि मीठ यांवर उभा होता. याच जिल्ह्यातल्या आंबडवे गावच्या घराण्यात जन्मलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाच्या एम. ए. साठी ईस्ट इंडिया कंपनीच्या अर्थव्यवहाराचाच अभ्यास केला, हे आपण विसरता कामा नये. मुंबई इलाख्यात १८४४ साली मिठावरचा कर मणी ८ आण्यांवरून १ रुपया केला, तेव्हा सुरतेत लोक रस्त्यावर आले. जमीन नसलेल्याला सारा लागत नाही. पण मीठ महारवाड्यातही लागते, आणि मासे खारवणाऱ्या कोळीणीला तर जास्तच लागते. समुद्राकाठच्या माणसाने समुद्राच्या मिठावर कर भरला. तो ज्या तिजोरीत गेला, तिच्यातूनच लंडनच्या भागधारकाचे व्याज निघाले. नाटे गावाचा वाटा तो हा.

व्याज खात्रीचे असल्यावर काटकसर कोण करणार? गव्हर्नर जनरल डलहौसीने मैलाला ८ हजार पौंड खर्च धरला होता. हमीवाल्या मार्गांचा प्रत्यक्ष खर्च मैलाला सुमारे १८ हजार पौंडांवर गेला. भारत सरकारचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ साली पार्लमेंटच्या समितीपुढे स्पष्टच सांगितले, की ५ टक्के हाती पडत असता आपला पैसा हुगळीत फेकला काय किंवा विटाचुन्यात घातला काय, इंग्रज भांडवलदाराला त्याचे सोयरसुतक नव्हते. त्यात व्याज मोजायचे पौंडांत आणि कर जमायचा रुपयांत. करारात रुपया २२ पेन्सचा धरला होता. शतकाच्या अखेरीस तो १६ पेन्सच्या आसपास आला. तेवढेच पौंड द्यायला जास्त रुपये लागले. १९०० साली सरकारने ही रेल्वे विकत घेतली, तिच्या किमतीचे वार्षिक हप्ते १९४८ पर्यंतचे होते.

आता कराराची दुसरी बाजू पाहू. ती करारात कुठेच लिहिलेली नाही.

१८५६ साली बोरघाटाचे काम सुरू झाले. सुमारे पंधरा मैलांत १,८३१ फूट चढ, २५ बोगदे. सुरुंगाच्या दारूने कातळ फोडायचा आणि टोपलीने उचलायचा. एका वेळी वीस-पंचवीस हजार माणसे राबत. १८६१ साली हा आकडा ४० हजारांच्या पुढे गेला. दख्खनच्या गावागावांतली भूमिहीन माणसे बायकापोरांसह घाटात उतरली. कंपनीने काम ठेकेदाराला दिले, ठेकेदाराने पोटठेकेदाराला, त्याने मुकादमाला. वरून निघालेला पैसा प्रत्येक पायरीवर थोडा थोडा गळत खाली यायचा. कधी कधी यायचाच नाही. जानेवारी १८५९ मध्ये मजुरीसाठी घाटातला मजूर उठला आणि गोऱ्या देखरेखवाल्यांवर चालून गेला. पुढे पटकीने माणसे मेली ती हजारांनी. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल तिथे येताच मेला, त्याच्या पत्नीने, अॅलिसने, काम पुढे नेले. ही दोन्ही नावे इतिहासात आहेत. मजुरांचे मात्र अंदाज आहेत, नावे नाहीत.

उठावानंतर सरकारने काय केले? १८६० साली मालक-मजूर तंट्यांचा कायदा केला. दंडाधिकाऱ्याने मजुरीचे तंटे झटपट मिटवावेत, हे त्यात होते. आणि कबूल केलेले काम सोडून जाणारा मजूर गुन्हेगार ठरावा, हेही होते. हा कायदा १९३२ साली रद्द झाला. म्हणजे बहात्तर वर्षे या देशात दोन प्रकारचे करार नांदले. भागधारकाने काही न करता व्याज मिळवले, त्याला हमी. मजुराने काम टाकले, त्याला तुरुंग.

कुणी म्हणेल, हे परकीय भांडवलाचे पाप. रेल्वे सरकारची झाली की प्रश्न सुटला. इतिहास तसे सांगत नाही. १९२५ पासून या रेल्वेचा कारभारही सरकारकडे आला. त्यानंतर तेरा वर्षांनी, १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी, मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. आमचा माणूस वर्षानुवर्षे गँगमनच राहतो. त्याला पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी पडेल ते काम करावे लागते आणि तिथे त्याचा स्पर्श चालत नाही, हे बाबासाहेबांनी तिथे मांडले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असे त्यांनी सांगितले ते याच परिषदेत. मालकी बदलली, गँगमनची जात बदलली नाही.

कोकण रेल्वेकडे या नजरेने पाहावे. १९९० साली तिच्यासाठी महामंडळ निघाले. भागभांडवलात केंद्राचे ५१, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा व केरळचे प्रत्येकी ६ टक्के. बाकीचा मोठा पैसा कर्जरोख्यांतून. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. ज्या देशाला १८४९ साली लंडनच्या दारात उभे केले होते, त्याने आपल्याच लोकांकडून पैसा उभारला, ही मोठी गोष्ट आहे; ती नाकारण्याचे कारण नाही. पण रोखे घेणाऱ्याच्या हाती व्याजाचा दर लिहिलेला कागद होता. बोगद्यात उतरलेला ठेकेदाराचा मजूर इथेही त्या व्यवहारात पक्षकार नव्हता.

विकासाला आमचा विरोध नाही. रेल्वेनेच आमच्या कितीतरी माणसांना गावकीतून सोडवले, रोख पगार दाखवला, संघटना करायला शिकवले. म्हणूनच तिचा हिशेब मागण्याचा हक्क आमचा अधिक आहे. रेल्वे असो, बंदर असो वा वीजघर, नवा प्रकल्प आला की विद्यार्थ्यांनी त्याचा करार मागवावा आणि त्यात आधी एवढेच शोधावे : हमी कोणाला दिली आहे, आणि ती कोणाच्या घामातून फेडायची आहे?