हळदीचा साबण लाल का होतो?

घरी साबण करून पाहणारा नवशिक्या पहिला रंग बहुधा हळदीचा निवडतो. वाटीत पिवळीधमक दिसणारी हळद साबणाच्या लगद्यात पडली, की लालसर तपकिरी होते. जास्वंदीचा अर्क हिरवट होऊन काळवंडतो, बिटाचा गुलाबी रंग मातकट पडतो. हात चुकला असे समजून तो हळदीचे प्रमाण बदलत बसतो. प्रत्यक्षात ज्या अल्कलीमुळे तेलाचा साबण होतो, तीच अल्कली कोणता रंग टिकेल हेही ठरवत असते. आपल्याकडच्या रंगाऱ्यांना ही गोष्ट सामू (आम्ल-अल्कलीचे माप) हा शब्द जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती.

ही अल्कली पूर्वी यायची कुठून? छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) पूर्वेला सुमारे दीडशे किलोमीटरवर, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचे सरोवर आहे. उल्कापाताने बेसाल्ट खडकात पडलेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. पाण्याचा सामू १० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ साबणाच्या पाण्याइतका. अकबराच्या दरबारातील अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'ऐन-ए-अकबरी' लिहिली. तिच्यात वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना त्याने लोणारची नोंद केली आहे: येथील डोंगरांत काच आणि साबण करण्यास लागणारे सर्व साहित्य मिळते. काच आणि साबण यांची ही जोडी विद्यार्थ्यांना विचित्र वाटेल. परंतु दोहोंना लागतो सोडाच. वाळूबरोबर वितळवला की काच, तेलाबरोबर शिजवला की साबण. उन्हाळ्यात सरोवराचे पाणी आटले, की काठावर खाराचे थर उरत. डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्यांची नावे होती. सोडियम कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि मीठ यांची ती कमीअधिक मिश्रणे होत.

नुसत्या सोड्याने मात्र तेलाचा साबण नीट होत नाही. सोड्याच्या पाण्यात विरलेला चुना घातला, की कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसते आणि वर कॉस्टिक सोड्याचे दाहक पाणी उरते. जुने साबणवाले हेच करीत. आजचा नवशिक्या कॉस्टिक सोडा विकत आणतो आणि तराजूवर तोलतो: १०० ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे १८ ग्रॅम, तिळाच्या तेलाला १३ ग्रॅमच्या थोडे वर. हा फरक तेलातील मेदाम्लांच्या रेणूंच्या आकारामुळे पडतो. खोबरेलातील रेणू आखूड असतात, त्यामुळे तितक्याच वजनात ते संख्येने अधिक भरतात.

आता रंगाऱ्यांकडे वळू. वऱ्हाडात आणि मध्य प्रांतात आल नावाच्या झुडपाची लागवड होत असे. याच कुळातील बारतोंडीचे झाड आपल्या ओळखीचे आहे. दोन-तीन वर्षांनी मुळे खणून त्यांच्या सालीतून सुती कापडासाठी लाल रंग काढीत. मात्र रंगवण्याआधी कापड एरंडेल आणि पापडखार यांच्या पांढुरक्या मिश्रणात पुन्हा पुन्हा भिजवून वाळवावे लागे. मग तुरटी, आणि शेवटी आल. आमच्या मते या पांढुरक्या मिश्रणाला अर्धाकच्चा साबण म्हणण्यास हरकत नाही. त्यातील मेदाम्ले धाग्यात मुरून बसतात, तुरटीतील ॲल्युमिनियमला धरून ठेवतात आणि ते ॲल्युमिनियम रंगाला धरते. असे कापड कितीही धुतले तरी रंग सोडत नाही. साबण आणि वनस्पतिजन्य रंग यांची गाठ साबणाच्या वडीत पडण्याआधी रंगाऱ्याच्या पिंपात पडली होती.

तिकडे फ्रान्समध्ये हे दोन विषय एकाच माणसाच्या हाती आले. मिशेल शेव्हरल याने १८११ मध्ये एका मऊ साबणाचे पृथक्करण हाती घेतले आणि १८२३ मध्ये स्निग्ध पदार्थांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तेलातून मेदाम्ले आणि ग्लिसरीन वेगळे होतात, हे साबणामागचे रहस्य त्याने उलगडले. पुढच्याच वर्षी तो पॅरिसच्या गोबलँ या सरकारी विणकामशाळेत रंगाई विभागाचा प्रमुख झाला.

पैठणीच्या विणकराला साबणाची आणखी एक बाजू माहीत असावी लागते. कच्च्या रेशमावर सेरिसीन या चिकट प्रथिनाचा थर असतो, वजनाच्या पाव हिश्शापर्यंत. सौम्य साबणाच्या किंवा सोड्याच्या पाण्यात उकळून तो काढल्यावाचून रेशमाला झळाळी येत नाही आणि रंगही समान चढत नाही. अल्कली तीव्र झाली तर रेशीमच विरघळते, कारण तेही प्रथिनच.

बर्लिनमध्ये ग्रेब आणि लीबरमान यांनी १८६८ मध्ये डांबरातल्या अँथ्रासीनपासून अलिझरीन तयार केले. स्वस्त लाल रंग बाजारात येताच आलीची शेती काही दशकांत मोडली. पिकाबरोबर त्यावर जगणाऱ्या शेतकऱ्यांचा आणि रंगाऱ्यांचा धंदाही गेला. 'नैसर्गिक' शब्दाला आज जी किंमत आहे, ती त्यांच्या वाट्याला आली नाही.

वर्गात कॉस्टिक सोडा काढू नये. तो कातडी आणि डोळे जाळतो. हळदीचे पाणी लावून वाळवलेला कागद, अंगाच्या साबणाचे पाणी, पापडखाराचे पाणी आणि लिंबू एवढे पुरे. कागद लाल होईल, लिंबाने पुन्हा पिवळा होईल. हळदीचे कुंकू करताना टाकणखार घालतात तो याचसाठी. मग याच पाण्यात जास्वंद, पळस, नीळ आणि शेंद्रीच्या बिया तपासाव्यात. नीळ आणि शेंद्री टिकतील. निळीचे पिंप मुळात चुन्याचे असते, आणि शेंद्रीचा रंग गाजरातल्या कॅरोटीनच्या जातीचा आहे. दुकानातला 'हळदीचा' साबण पिवळाधमक असेल, तर त्याच्या वेष्टनावरची घटकांची यादी मुलांना वाचायला लावावी.