रोगण, लाजवर्दी आणि एक थापी

आमच्या शाळेतल्या तीन मुलींनी सुट्टीतल्या तैलचित्रांच्या वर्गात नाव घातलं. ब्रशऐवजी पॅलेट नाईफने रंगवायचं. सामानाची यादी इंग्रजीत होती, ती उर्दूत करून देण्यासाठी माझ्याकडे आली. एका मुलीचे अब्बा यादी पाहून म्हणाले, "सर, ही विलायती कला. खर्चही विलायती. आपल्याला कशाला?"

खर्चाचा मुद्दा रास्त होता. 'विलायती' मात्र मला पटेना.

यादीतली पहिली वस्तू तेल. मराठीतला 'रोगण' हा शब्द फारसी 'रोग़न'वरून आला. त्याचा अर्थ तेल, तूप. तैलरंग युरोपात पंधराव्या शतकात जन्मला असं पूर्वी शिकवत. पण 2008 मध्ये संशोधकांनी अफगाणिस्तानातल्या बामियानच्या बौद्ध लेण्यांतली सातव्या शतकातली भित्तिचित्रं तपासली, तेव्हा त्यांत अक्रोड किंवा खसखशीसारखं वाळणारं तेल सापडलं. आज वापरतात ते जवसाचं. विदर्भात त्याच जवसाची चटणी होते. हे तेल उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. म्हणून सुरीने लावलेला जाड थर आतून वाळायला कित्येक महिने लागतात.

निळ्या रंगाला उर्दूत लाजवर्दी म्हणतात. तो दगड बदख्शानच्या खाणींतला. इंग्रजी 'अझुर' हा शब्दही 'लाजवर्द'वरूनच, अरबीमार्गे गेलेला. तेव्हा कोणी कोणाकडून घेतलं?

विलायती म्हणायचंच तर ट्यूबला म्हणावं. 1841 मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकी चित्रकाराने कथलाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी तयार रंग डुकराच्या मूत्राशयात बांधून विकत. (अब्बांचा आक्षेप त्या काळी असता तर मी गप्प बसलो असतो!)

आणि सुरी? ती मुळात रंग कालवायची, खरवडायची. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या कुर्बेने तिनेच चित्रं रंगवून दाखवली. आकार थेट गवंड्याच्या थापीचा. मूठ वाकडी, म्हणजे बोटं ओल्या रंगाला लागत नाहीत. नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे सुरी आणि रोलर वापरत. 1947 च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमध्ये गोव्याचे सूझा होते, पंढरपूरचे हुसेन होते, नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले रझा होते. हुसेन तर सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरत. आपल्या मुलांना ही नावं शाळेत क्वचितच सांगितली जातात, याची मला खंत आहे.

मग यादी कापायला बसलो. सुरीचा दाब कॅनव्हासवर पडला की तो दबतो, म्हणून प्रायमर लावलेले हार्डबोर्डचे तुकडे घेतले, स्वस्तही पडले. पॅलेटऐवजी जुनी काच, कडा घासून. सुरीने रंग ब्रशपेक्षा कितीतरी जास्त लागतो, म्हणून विद्यार्थ्यांसाठीचे साधे रंग, पांढऱ्याची तेवढी मोठी ट्यूब. टर्पेंटाइन अगदी थोडं, कारण सुरी फडक्याने पुसली की झालं. फडकी घरच्या जुन्या लुंगीची. मात्र जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून टाकली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून पाणी घातलेला झाकणाचा डबा यादीत मी वाढवला.

सुऱ्या दोनच घेतल्या, तिघींत आळीपाळीने. अब्बांनी पैसे दिले आणि विचारलं, "बामियान म्हणजे तेच ना, जिथले पुतळे 2001 मध्ये पाडले?" हो म्हटलं, त्याच डोंगरातली लेणी.